मोटारी राहिल्या, मालमोटारी गेल्या

थंडीचे दिवस आले की मुंबई, दिल्ली, कोलकाता यांसारख्या शहरांतून जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाके, हँडल फिरवून सुरू करावयाची इंजिने, उघड्या टपाखाली फेटे बांधून बसलेले हौशी मालक असा हा थाट असतो. दिल्लीत ‘स्टेट्समन’ दैनिकाने १९६४ मध्ये अशी फेरी सुरू केली आणि पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. रस्त्याच्या कडेला उभे राहून हा सोहळा पाहणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या घरी अशी मोटार कधीच नव्हती. त्यांचे आयुष्य ज्या वाहनांवर चालले त्यांपैकी मालमोटार, एस. टी. आणि टॅक्सी या मिरवणुकीत क्वचितच दिसतात.

याचा दोष संग्राहकांना देणे अन्यायाचे होईल. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले, तेव्हा राजवाड्यांच्या गॅरेजमधील रोल्स-रॉईस आणि बेंटली गाड्यांची काळजी वाहण्यास सरकार पुढे आले नव्हते. पुढे आले ते हौशी धनिक. अहमदाबादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांनी शंभरांहून अधिक मोटारी जमविल्या आणि लोकांना पाहण्यासाठी खुल्या केल्या. असे संग्रह झाले नसते, तर यांतील कित्येक गाड्या परदेशी तरी गेल्या असत्या किंवा भंगारात तरी. श्रीमंतांचा छंद म्हणून या उद्योगाला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावयास हवे.

शिवाय हा छंद केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. मद्रासेत १९५५ पासून बनू लागलेली एन्फिल्ड बुलेट, म्हैसूरची जावा आणि तिचीच पुढची येझदी, खेड्यातल्या दूधवाल्याची राजदूत, भांडुपच्या कारखान्यातून बाहेर पडलेली लँब्रेटा ही वाहने जपणाऱ्यांत शाळामास्तर आहेत, बँकेतील कारकून आहेत, गॅरेजमधील मिस्त्रीही आहेत. पुण्याचा जुना बाजार किंवा कुर्ल्यातील भंगाराची दुकाने पालथी घालून एखादा कार्बुरेटर मिळवायचा, रविवारची दुपार तो धुण्यात घालवायची आणि संध्याकाळी गाडीने पहिला हुंकार दिला की शेजाऱ्यांना चहा पाजायचा! मोटारसायकल मध्यमवर्गीयाच्या जिन्याखाली मावते, म्हणून ती वाचली.

मालमोटार जिन्याखाली मावत नाही. तिची उपेक्षा होण्याचे पहिले कारण इतके साधे आहे. वास्तविक या देशातील मोटारधंद्याचा इतिहास तिच्यावाचून लिहिताच येणार नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला, तेव्हापासून तेथे मोटारींबरोबर मालमोटारी आणि बसगाड्याही जुळविल्या जात. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो मालमोटारी निघाल्या. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज निघू लागली. धान्य, कापूस, ऊस, सिमेंट यांतले काय हिने वाहिले नाही?

त्यातही एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारखान्यातून बाहेर पडे ती बहुधा नुसती चासी. तिच्यावरचा लाकडी सांगाडा, केबिन, फाळके हे सारे गावोगावचे सुतार आणि लोहार घडवीत. मग रंगारी त्यावर कमळे, मोर आणि मालकाच्या मुलांची नावे काढी. म्हणजे एकाच कारखान्याच्या दोन मालमोटारी कधी एकसारख्या नसत. रोल्स-रॉईसचे नकाशे इंग्लंडात जपलेले आहेत. या मालमोटारींचे नकाशे सुताराच्या डोक्यातच राहिले. गाडी निकामी झाली की तिचे इंजिन एकीकडे जाई, आस दुसरीकडे एखाद्या ट्रॉलीखाली जाई, आणि लाकूड चुलीत.

आता नियमांकडे पाहावे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुराण वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नोंदणीची सोय केली. वाहन पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात असावे, ही अट. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनास ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. धंद्यासाठी वा नित्य वापरासाठी ते रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. नियम समंजस आहे, यात शंका नाही. परंतु तो लागू होतो तो फक्त दुचाकींना आणि चालकाखेरीज आठपर्यंत आसनांच्या मोटारींना. मालमोटार, बस आणि तीनचाकी रिक्षा यांना त्यात जागाच ठेवलेली नाही.

दुसऱ्या बाजूने १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांची, त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या बसगाड्याही आल्या, नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे चालू ठेवता येत नाही. ती वाहने अधिकृत भंगार केंद्रात मोडावी लागतात. ज्या वाहनाला पंधराव्या वर्षी मरण ठरलेले आहे, त्याने पन्नाशी कशी गाठावी? मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे असेच झाले. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मर्यादा भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, काळ्यापिवळ्या पद्मिनीचा जमाना संपला. एखादी तरी जपून ठेवा, अशी मागणी तेव्हा लोकांनी केली.

कोणी म्हणेल, धूर ओकणारी ही धुडे रस्त्यावरून गेली तेच बरे. रोजच्या रहदारीपुरते ते खरेच आहे आणि त्याविषयी भावविवश होण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न शेकडो गाड्यांचा नसून प्रत्येक जातीच्या एका-दोन गाड्यांचा आहे. इंग्लंडात जुन्या व्यापारी वाहनांसाठी १९५८ मध्येच स्वतंत्र संस्था निघाली आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी त्यांची फेरी निघू लागली. तीत बिअरची पिंपे वाहणाऱ्या लॉऱ्या आणि आगीचे बंबही धावतात. आपल्याकडे हरियाणात तावडूजवळ २०१३ मध्ये उघडलेल्या वाहतूक संग्रहालयात पालखी, बैलगाडी, टांगा यांच्या शेजारी बसलाही जागा मिळाली आहे. तेही सरकारचे काम नव्हे, एका संग्राहकाचेच.

महाराष्ट्रात तर हे काम तुलनेने सोपे आहे. पुणे ते अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, या मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. धावली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, त्यांत बसगाड्यांचे सांगाडे बांधले गेले. पंधरा वर्षे भरलेल्या गाड्यांतून प्रत्येक बांधणीची एक गाडी नोंदणी रद्द करून, न मोडता, कार्यशाळेच्याच आवारात उभी करावयाची, तर त्याला केंद्राकडून सवलत मिळविण्याखेरीज फारसा खर्च नाही. मालमोटारींसाठी व्हीए मालिकेच्या नियमात मालवाहू वाहनांचा एक वर्ग वाढवावा लागेल. आणि हे व्हावयाचे तर लवकर व्हावयास हवे. कारण १९७० च्या सुमारास ज्यांनी या गाड्यांवर लाकडी केबिनी चढविल्या, ते सुतार आज सत्तरी ओलांडून गेलेले आहेत.