4.18 या आकड्याची गोष्ट

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने परवा प्रयोगवही पुढे ठेवून विचारले, "काका, आम्ल आणि अल्कली मिसळले की मिठाचे द्रावण होते. मग गणितात पाण्याची विशिष्ट उष्माधारकता का घ्यायची?" प्रश्न रास्त होता. आपण सर्वांनीच 4.18 हा आकडा निमूटपणे लिहिला आहे.

1 ग्रॅम पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढविण्यास 4.18 ज्यूल उष्णता लागते. तिच्या प्रयोगात 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी 50 मिलिलिटर होते. मिश्रणात मीठ जेमतेम 3 टक्के, बाकी पाणीच. मिठाचे आयन भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना जखडून ठेवतात, म्हणून उष्माधारकता किंचित घटते. मात्र घनता किंचित वाढते. 100 मिलिलिटर म्हणजे 100 ग्रॅम धरण्यातील चूक त्यामुळे उलट दिशेची ठरते आणि एकूण तफावत अल्प उरते. तापमान सुमारे 6.8 अंशांनी वाढते; तापमापक वाचताना 0.2 अंशाची चूक झाली, तरी ती 3 टक्क्यांची होते. तेव्हा हे गृहीतक क्षम्य आहे.

हेच गणित रुग्णशय्येपाशीही लागू पडते. नॉर्मल सलाईनमध्ये मीठ अवघे 0.9 टक्के. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे 22 अंशांचे 20 मिलिलिटर सलाईन दिले, तर ते 37 अंशांपर्यंत तापताना 20 × 4.18 × 15, म्हणजे सुमारे 1250 ज्यूल उष्णता शरीरातून घेते. शरीराची उष्माधारकता ग्रॅममागे सुमारे 3.5 ज्यूल. म्हणजे तापमान एकतृतीयांश अंशाने उतरते; तीनदा दिल्यास एका अंशाने.

निवासी डॉक्टर असताना हिवाळ्यातील एका रात्री अतिसाराने कोमेजलेले एक बाळ माझ्या डोळ्यांदेखत गार पडत गेले. मी आजाराला दोष देत राहिलो. अखेर वयस्क सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, बाटलीला हात लावून पाहा." बाटली थंडगार होती. बाळ वाचले, परंतु अकरावीत घोकलेले सूत्र मला ऐन वेळी आठवले नव्हते, ही खंत आजही आहे.

अर्थात ही सवलत विरल द्रावणापुरतीच. निम्मी साखर असलेल्या पाकाची उष्माधारकता 3 ज्यूलच्या आसपास येते, तेथे 4.18 चालणार नाही. पुतणीला मी एवढेच सांगितले, "आकडा खुशाल लिही, पण तो का चालतो, हेही शेजारी लिही."