खंबीर राहण्याची सक्ती कशाला?

स्तनाचा कर्करोग : निदानानंतर – भाग ४

मागच्या भागात आपण तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट कसा वाचायचा ते पाहिलं. तो कागद हाती आल्यावर बाईच्या मनाचं काय होतं आणि आधार कुठून मिळवायचा, हा आजचा विषय.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं पहाटेची एसटी धरून तिथे येतात. अशा कुठल्याही ओपीडीबाहेर एक दृश्य हमखास दिसतं. रिपोर्टांची पिशवी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मांडीवर असते. नंबर पुकारला की तो आधी आत शिरतो आणि हळूच म्हणतो, "डॉक्टर, तिला काही सांगू नका, ती खचेल." बाहेर बसलेल्या बाईनं दारावरची पाटी केव्हाच वाचलेली असते. तीही गप्प राहते, कारण पोराला त्रास नको. दोघांनाही सगळं ठाऊक असतं आणि दोघंही एकेकटे झुरतात.

ही लपवाछपवी प्रेमापोटी होते, पण महागात पडते. केमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन) हे सगळं महिनोन्महिने चालतं. ते जिच्या शरीरावर व्हायचं, तिलाच अंधारात ठेवलं तर प्रत्येक सुईची तिला भीती वाटते. खरं सांगितल्यावर ती रडेल, चिडेल, 'माझ्याच वाट्याला का' म्हणेल. पहिले काही आठवडे डॉक्टरांचं बोलणं अर्धंच डोक्यात शिरतं, भाजीत मीठ दोनदा पडतं, रात्री मध्येच जाग येते. एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर हे होणारच. प्रश्न घरी असतानाच कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरं सोबतच्या माणसानं टिपून घ्यावीत. तपासण्यांत एखाद-दोन आठवडे गेले म्हणून साधारणपणे बिघडत नाही. मात्र झाडपाल्याच्या औषधात महिने घालवले तर नक्की बिघडतं.

अशा वेळी भेटायला येणारा प्रत्येक जण बजावतो, "खंबीर राहा, पॉझिटिव्ह राहा." त्यामागची समजूत अशी की हिंमत धरली की आजार हटतो. या समजुतीची शास्त्रीय तपासणी झालेली आहे. १९९९ मध्ये 'लान्सेट'मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ५७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लढाऊ वृत्तीमुळे आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे आज ढसाढसा रडलात म्हणून उपचार वाया जात नाहीत. आणि पुढे आजार बळावलाच तर 'मीच धीर सोडला' हा ठपका स्वतःवर घेण्याचं कारण नाही.

दुसरा ठपका त्याहून जुना आहे : कुणाची नजर, मागचं पाप, चुकलेलं व्रत. यातलं काहीही कर्करोगाचं कारण नाही. तो शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं पसरत नाही, तेव्हा तिचं ताट-वाटी वेगळी काढू नका. आजार घराण्यात उतरतो असं समजून मुलींच्या लग्नाच्या काळजीनं तो लपवणारी घरंही आहेत. पण आनुवंशिक दोषामुळे होणारे स्तनाचे कर्करोग साधारण पाच ते दहा टक्केच असतात. घराण्यात आधी कुणाला झाला असेल तर डॉक्टरांना सांगावं.

मग आधार कुठे शोधायचा? सुरुवात घरातूनच. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण जन्मभर दुसऱ्यांचं करणारी बाई तोंड उघडून मागत नाही. म्हणून कामं नेमून घ्यावीत. केमोच्या दिवशी पोरांचा डबा जाऊबाईंनी करायचा, दवाखान्यात बहिणीनं सोबत जायचं, नातेवाइकांचे फोन नवऱ्यानं घ्यायचे.

दुसरा आधार, यातून गेलेल्या बाईचा. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचा स्तन काढल्यावर हात कसा हलवायचा, ब्लाउज कसा घालायचा, हे सांगणारं त्यांना कुणी भेटलं नाही. त्यांनी १९५२ मध्ये 'रीच टू रिकव्हरी' सुरू केलं : उपचार झालेल्या बाईनं नव्या रुग्णाला जाऊन भेटायचं. आपल्याकडे मुंबईत व्ही केअर फाउंडेशन आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांना आधार देतात. आपल्या शहरात डॉक्टरांना किंवा सिस्टरना सरळ विचारा : उपचार पूर्ण झालेली, बोलायला तयार असलेली कुणी आहे का? फक्त तिच्या गोळ्या आणि आपल्या गोळ्या ताडून पाहू नका, प्रत्येकीचा आजार वेगळा असतो.

एकत्र बसून बोलणाऱ्या रुग्णांच्या आधारगटांतून काय मिळतं, हेही नीट समजून घ्यावं. १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात गटात बसणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्याचं आढळलं आणि मोठा गाजावाजा झाला. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. तेवढ्यासाठीसुद्धा गटात जाणं सार्थकी लागतं.

तिसरा आधार पैशाचा, कारण रात्रीची निम्मी झोप त्याच काळजीनं उडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच फेरीत त्याला भेटा. एसटीच्या भाड्यातही कर्करोग रुग्णांना सवलत आहे.

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध आहे. संभाजीनगरच्या शासकीय घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्या. स्तनाच्या कर्करोगावरची टॅमोक्सिफेनची गोळी चालू असेल तर मनोविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण नैराश्याची काही औषधं तिचा परिणाम कमी करतात.

पुढच्या भागात केमोच्या दिवसांतल्या खाण्यापिण्याबद्दल. तोवर तुमच्या घरात, शेजारात कुणाचं निदान झालं असेल तर उपदेश करू नका. तिला काय हवंय ते विचारा आणि त्यातलं एक काम आजच आपल्या अंगावर घ्या.