गहाण ठेवलेला हिरा

मुलांनो, तुमच्या आईजवळ किंवा आजीजवळ एखादा सोन्याचा दागिना असेल. सणावाराला ती तो अंगावर घालते, एरवी जपून पेटीत ठेवते. पण कधी पेरणीसाठी बियाणे आणायचे असते, कधी घरात मोठे आजारपण येते. हातात पैसा नसतो. अशा वेळी घरातील बाई पेटी उघडते आणि आपल्या पाटल्या सावकाराकडे किंवा बँकेत गहाण ठेवायला देते. म्हणून तर दागिना अडीनडीला उपयोगी पडतो, असे आपले वाडवडील सांगत आले आहेत.

मुंबईच्या एका उद्योगपतीनेही असाच एक दागिना गहाण ठेवला होता. तो दागिना साधा नव्हता. त्यात जगातील एक फार मोठा हिरा होता.

हा हिरा 1895 साली दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेन येथील खाणीत सापडला. खाणीतून निघालेला हिरा ओबडधोबड खड्यासारखा दिसतो. कुशल कारागीर त्याचे बारकाईने निरीक्षण करतो, कोठे कापायचे ते ठरवतो आणि मग त्याला पैलू पाडतो. पैलूंवर प्रकाश पडला, की हिरा झगमगू लागतो. पैलू पाडताना त्याचा बराच भाग मात्र झिजून जातो. या हिऱ्याचे मूळ वजन 650 कॅरटांहून अधिक होते. पैलू पाडल्यावर ते सुमारे 245 कॅरट राहिले. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. आता तुम्हीच हिशेब करा! चार तोळ्यांहूनही अधिक वजनाचा हा एकच खडा. सध्याच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा! 1897 साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली. त्या उत्सवावरून या हिऱ्याचे नाव 'ज्युबिली' असे पडले.

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी टाटा यांनी हा हिरा विकत घेतला आणि आपली पत्नी मेहरबाई यांना दिला. मेहरबाई मोठ्या धीट आणि हौशी होत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत. मुलींनी शिकावे, त्यांची लग्ने लहानपणी होऊ नयेत, यासाठी त्या झटत. विशेष प्रसंगी त्या हा हिरा साखळीत घालून गळ्यात घालीत.

दोराबजींनी वडिलांचे स्वप्न पुरे करण्यासाठी जमशेदपूर येथे पोलादाचा कारखाना उभारला होता. पहिल्या महायुद्धानंतर मात्र या कारखान्यावर संकट आले. परदेशांतून स्वस्त पोलाद येऊ लागले. कारखान्याचा माल मागे पडला. 1924 साली तर कामगारांचे पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. पगार थांबला, की चूल थांबते. हजारो घरांचा प्रश्न होता.

दोराबजींनी काय केले असेल? त्यांनी आपली स्वतःची सारी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवली. त्यात ज्युबिली हिराही होता. त्यावर बँकेने एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. कामगारांना पगार मिळाले, कारखान्याच्या भट्ट्या पेटत्या राहिल्या. पुढे कारखाना सावरला आणि हिराही सोडवून आणता आला.

पण त्या घरावर आणखी एक संकट यायचे होते. मेहरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. कार्डिफ ही त्याची राजधानी. या वेल्सच्या उत्तर भागातील रुथिन या गावी मेहरबाईंवर उपचार चालले होते. त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. 1931 साली तेथेच त्यांचे निधन झाले.

दोराबजींना फार दुःख झाले. पैसा होता, हिरे होते, तरी पत्नीला ते वाचवू शकले नाहीत. आपल्यावर आला तसा प्रसंग इतरांवर येऊ नये, असे त्यांना वाटले. रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी त्यांनी मेहरबाईंच्या नावाने निधी ठेवला. आपली सारी संपत्ती त्यांनी 1932 साली एका न्यासाला, म्हणजे लोकांच्या हितासाठी स्थापन केलेल्या संस्थेला, देऊन टाकली. टायला लावायची मोत्यांची पिनसुद्धा त्यांनी मागे ठेवली नाही! त्याच वर्षी, पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडकडे जात असताना, वाटेत जर्मनीत त्यांचे निधन झाले.

पुढे ज्युबिली हिरा विकला गेला. आलेली रक्कम न्यासात जमा झाली. याच न्यासाने मुंबईत परळ येथे कर्करोगासाठी टाटा मेमोरियल रुग्णालय बांधले. 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झाले. 1957 साली त्याचा कारभार केंद्र सरकारकडे गेला.

आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येतात. त्यांत शेतकरी असतात, मजूर असतात, तुमच्याएवढी मुलेही असतात. कितीतरी गरीब रोग्यांवर तेथे अगदी थोड्या खर्चात उपचार होतात. दूरगावाहून आलेल्या अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो.

ज्युबिली हिरा आता आपल्या देशात नाही. परळच्या रुग्णालयात तो कोठे शोधायला गेलात, तर दिसणार नाही. पण एखादी मुलगी बरी होऊन, आईचे बोट धरून त्या दारातून बाहेर पडते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहा. हिऱ्याचे पैसे कोठे गेले, ते तुम्हांला तेथे कळेल.