मासे बाधतात की शिळा बांगडा बाधला? ॲलर्जीचे निदान कसे करून घ्यावे



जेवणात बांगडा होता आणि तासाभरात अंगावर गांधी उठल्या, की आपल्या वाड्यावर दोनच निकाल लागतात. एक तर ‘मासळी शिळी होती’, नाहीतर ‘तुला मासे बाधतात, आता जन्मभर सोड’. दोन्ही निकाल तपासणीविना. शहरातल्या माणसाला मासे सोड म्हटले तर तो दुसरे काही खाईल. पण जो ट्रॉलरवर जातो, जिच्या घरात रोज सुंगटे सोलली जातात, त्यांना हे सांगणे म्हणजे ताट आणि धंदा दोन्ही सोडायला सांगणे. दुसऱ्या बाजूने, खरी ॲलर्जी असताना ‘होतं असं कधीकधी’ म्हणत अंगावर काढली, तर पुढची खेप जिवावर बेतू शकते, आणि तीही किनारा चार तास लांब असताना. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

आधी शिळ्या मासळीचे बघू, कारण ते आपल्या हातातले आहे. बांगडा, तारले, कुपा अशा मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. ॲलर्जीत आपले शरीर जे हिस्टामिन सोडते, तेच हे, फक्त बाहेरून ताटात आलेले. त्यामुळे लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात: तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, छाती धडधडते, गांधी उठतात, जुलाब लागतात. काहींना खातानाच जिभेला मिरीसारखे चरचरते. एक गोष्ट बायकांनी विशेष लक्षात ठेवावी. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा बर्फात घालूनही जात नाही. मासळी दिसायला बरी असली तरी ते आत असू शकते. उपाय एकच, पकडल्यापासून भरपूर बर्फ.

मग ओळखायचे कसे? एकाच हंडीतले जेवलेल्या दोघातिघांना एकदम त्रास झाला, तर संशय हिस्टामिनवर. एकालाच झाला आणि बाकीचे ठणठणीत, तर ॲलर्जीचा विचार करायला हवा. तोच माणूस महिन्याभराने ताजा बांगडा खाऊन मजेत असेल, तर पुन्हा पारडे हिस्टामिनकडे झुकते. पण हे बघण्यासाठी घरी मुद्दाम खाऊन पाहू नका, ते काम दवाखान्यातले. त्रास चालू असतानाच इस्पितळात पोचलात तर डॉक्टर रक्तातले ट्रिप्टेज तपासू शकतात. पहिल्या काही तासांत ते वाढलेले मिळाले तर खऱ्या ॲलर्जीच्या झटक्याला दुजोरा मिळतो. हिस्टामिनच्या विषबाधेत ते वाढत नाही. नुसते ट्रिप्टेज नॉर्मल आले म्हणून मात्र ॲलर्जी नाही असे ठरत नाही.

सुंगटांच्या बाबतीत आणखी एक आरोपी आहे आणि तो आपणच घालतो. डोकी काळी पडू नयेत म्हणून मारतात ती सल्फाईटची पावडर. दम्याच्या माणसाची छाती तिने आवळू शकते. त्याला वाटते सुंगटे बाधली. सुंगटांचा काही दोष नसतो. पाकिटावर ॲलर्जीची माहिती छापण्याचा जो नियम आपल्याकडे आहे, त्यात मासे आणि कवचवाले जलचर यांच्याबरोबर ठराविक प्रमाणावरचे सल्फाईटही येते. उघड्यावर विकल्या जाणाऱ्या टोपलीवर मात्र काहीच लिहिलेले नसते, तेव्हा गिऱ्हाईकाने विचारले तर खरे सांगावे.

आता खरी ॲलर्जी. पहिली गोष्ट, ‘मासे’ अशी एक ॲलर्जी नसते. इसवण, बांगडा, पापलेट यांची ॲलर्जी बहुधा पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाची असते. सुंगटे, कुर्ल्या, शेवंड यांची बहुधा ट्रोपोमायोसिनची. दोन्ही प्रथिने उकळूनही टिकतात, पण एकमेकांशी त्यांचे काही नाते नाही. म्हणून सुंगटे बाधणारा माणूस इसवण खुशाल खाऊ शकतो, आणि उलटही. मोरीसारख्या कूर्चेच्या माशांतले पार्व्हाल्ब्युमिन काट्याच्या माशांपेक्षा वेगळे असते, त्यामुळे काट्याची मासळी बाधणाऱ्या काहींना मोरी चालते. तिसऱ्या, खुबे, माणकी यांच्यातही ट्रोपोमायोसिन असते, पण थोडे वेगळे, म्हणून ती कोणाला चालतात, कोणाला नाही. कोणाला काय चालते हे तपासणीशिवाय कळत नाही. ‘सगळे बंद’ हा सल्ला सोपा असतो म्हणून दिला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे या साऱ्या शास्त्राची सुरुवातच मासळीपासून झाली. 1921 साली जर्मनीत ब्रेस्लाव येथे कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरना मासे बाधत. प्राउसनिट्झनी त्यांच्या रक्तातला पातळ भाग स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली! रक्तातच काहीतरी आहे हे त्यातून कळले. ते काहीतरी म्हणजे आयजीई, हे 1960 च्या दशकात सिद्ध झाले. आजच्या तपासण्या त्याच आयजीईच्या मागावर असतात.

डॉक्टरकडे जाण्याआधी एक वही करा. खरे सांगायचे तर अर्धे निदान या वहीतच असते. काय खाल्ले हे मासळीच्या आपल्या नावाने लिहा, नुसते ‘फिश’ नको. किती खाल्ले, किती वाजता, त्रास किती मिनिटांनी, काय काय झाले, किती वेळ टिकले, कोणती गोळी घेतली, बरोबर जेवलेल्यांना काय झाले. मासळी कधी पकडलेली, बर्फात होती का. सोबत दारू होती का, अंगदुखीची गोळी घेतली होती का, जेवून लगेच जाळे ओढले का, हेही लिहा. या तिन्ही गोष्टी झटका वाढवू शकतात आणि डॉक्टर विचारतील तेव्हा लाजून लपवू नका. गांधी उठल्या असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या विरून जातात.

त्वचेवरची टोचणी, म्हणजे प्रिक टेस्ट, हातावर करतात. अर्काचा थेंब, त्यावर हलकी टोच, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. फोड शेजारच्या साध्या पाण्याच्या थेंबापेक्षा निदान 3 मिलिमीटर मोठा आला तर पॉझिटिव्ह धरतात. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासळीचा तयार अर्क मिळतोच असे नाही. तेव्हा डॉक्टर ताजी मासळी आणायला सांगून सुई आधी तिच्यात आणि मग कातडीत टोचतात. आणि हो, सेट्रिझिन, अविल अशा गोळ्या चालू असतील तर ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. त्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. मोठा झटका येऊन गेल्यावर लगेच टेस्ट करत नाहीत, चार ते सहा आठवडे थांबतात. रक्तातल्या आयजीईच्या तपासणीला गोळ्यांची अडचण नाही.

पण टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी, असा थेट हिशेब नाही. घरातल्या धुळीतले बारीक किडे आणि झुरळे यांच्यातही सुंगटांसारखेच ट्रोपोमायोसिन असते. ज्याला धुळीची ॲलर्जी आहे त्याची सुंगटाची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तो आयुष्यभर सुंगटे खाऊन ठणठणीत असतो. अशाने नुसत्या कागदावरून सुंगटे सोडू नयेत. वही आणि टेस्ट जुळत नसतील तर शेवटचा शब्द खाऊन बघण्याच्या चाचणीचा. इस्पितळात, औषधे तयार ठेवून, कणाकणाने वाढवत देतात. वेळखाऊ आहे, सगळीकडे होत नाही, पण यापेक्षा पक्के काही नाही.

मोबाइलवर शंभर-दोनशे पदार्थांच्या ‘इनटॉलरन्स’ पॅकेजच्या जाहिराती येतात. रक्त घेऊन आयजीजी मोजतात आणि लांबलचक यादी हातात देतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढाच अर्थ. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने 2008 सालीच सांगितले की निदानासाठी ही तपासणी वापरू नये. रोज बांगडा खाणाऱ्याच्या यादीत बांगडा येणारच! ते पैसे बर्फाला लावा.

दुधाने पोट फुगते ते बहुतेक वेळा लॅक्टोज न पचल्यामुळे, ती ॲलर्जी नव्हे, आणि त्यासाठी श्वासाची तपासणी असते. गव्हाचा संशय असेल तर सिलिॲकची रक्ततपासणी होईपर्यंत चपाती सोडू नका, नाहीतर निकाल चुकतो. आणि सुंगटे बाधतात म्हणजे आयोडीन बाधते हा समज चुकीचा आहे. ॲलर्जी प्रथिनाची असते, तेव्हा केवळ त्या कारणाने सीटी स्कॅनचे इंजेक्शन नाकारू नका, डॉक्टरांना सांगून ठेवा.

न खाताही त्रास होतो, हे सोलणाऱ्या बायकांना वेगळे सांगायला नको. हाताला खाज, भेगा, सुंगटे उकडताना वाफेने शिंका आणि दम. हे कामावर वाढते आणि सुट्टीत कमी होते का, ते त्याच वहीत लिहा. त्वचारोग किंवा छातीच्या डॉक्टरला दाखवताना काम काय करता ते आधी सांगा. बांबोळीला गोमेकॉत किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात पहिली चौकशी करता येईल.

जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काही झाले तर ते गांधीचे प्रकरण राहत नाही. औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अविलची गोळी त्याची जागा घेत नाही. माणसाला आडवे करून पाय वर घ्या, दम लागत असेल तर बसते ठेवा, एकदम उभे करू नका. किनाऱ्यावर असाल तर 108. समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनल 16 किंवा तटरक्षक दलाचा 1554, आणि बोट तेव्हाच वळवा. बरे वाटले तरी इस्पितळात न्या, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

ज्याचे निदान पक्के झाले आहे त्याने ॲड्रेनालिन जवळ ठेवायचे का आणि कसे टोचायचे, हे डॉक्टरकडून लिहून आणि शिकून घ्यावे. मग ते तांडेलाला आणि बोटीवरच्या निदान एका खलाशाला शिकवावे. काय बाधते त्याची चिठ्ठी बोटीच्या कागदपत्रांबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत राहू द्या, आणि बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला ती वाचून दाखवा.