रक्ताच्या नमुन्यातील त्वचावासी जीवाणू : दूषण की व्याधी?

जीर्ण ज्वराचा रुग्ण आज वैद्याकडे येतो तो तपासण्यांची चळत घेऊनच. त्यात बरेचदा ब्लड कल्चरचा अहवालही असतो. ‘कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस आढळला’ एवढे एकच वाक्य, खाली प्रतिजैविकांची लांबलचक यादी, आणि नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न : “वैद्यराज, रक्तात जंतू झालेत का?” या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे घाईने देता येतात, आणि घाईने दिलेले कोणतेही उत्तर रुग्णाला महागात पडू शकते. म्हणून हा विषय व्यवसायबंधूंपुढे थोड्या विस्ताराने मांडत आहे.

हे जीवाणू शरीराला परके नाहीत. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, कोरिनेबॅक्टेरियम, मायक्रोकॉकस आणि २०१६ पर्यंत प्रोपिओनिबॅक्टेरियम या नावाने ओळखला जाणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस ही निरोगी त्वचेवरील नित्याची वस्ती होय. रोमकूपांत ती इतकी खोलवर असते, की वरून कितीही पुसले तरी समूळ जात नाही. सुई त्वचेतून शिरेत शिरताना त्यांतील मोजके जीवाणू बाटलीत गेले, तरी तेथील पोषक द्रवात ते वाढतात आणि नमुना ‘पॉझिटिव्ह’ ठरतो. यालाच दूषण म्हणतात. दूषित नमुन्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असावे, हा प्रयोगशाळांचा जुना दंडक. काटेकोर पद्धतीने ते १ टक्क्यापर्यंत खाली आणावे, असे आता सांगितले जाते.

येथे चरकसंहितेच्या विमानस्थानातील ७ व्या अध्यायाचे स्मरण होते. वीस प्रकारचे कृमी सांगताना आचार्यांनी सहज कृमी त्यांतून वगळले आहेत. ते विकारकारक नव्हेत. त्याच अध्यायातील शोणितज कृमी रक्तवाही धमन्यांत राहणारे, अणुप्रमाण आणि काही तर सूक्ष्मत्वामुळे न दिसणारे असे वर्णिले आहेत. यावरून ‘बॅक्टेरिया आम्हांला आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो रुचत नाही. शोणितज कृमींचा हेतू कुष्ठासमान सांगितला आहे. तो संदर्भ वेगळा, हा वेगळा. मात्र सहज आणि वैकारिक हा भेद प्रस्तुत विषयात फार उपयोगी पडतो. त्वचेवर जो सहज, तोच कृत्रिम झडपेवर जाऊन बसला की वैकारिक होतो.

मग भेद ओळखावा कसा? पहिली कसोटी संख्येची. वेगवेगळ्या ठिकाणी टोचून घेतलेल्या दोन किंवा अधिक नमुन्यांत तोच जीवाणू वाढला, तर संशय बळावतो. अनेकांपैकी एकातच वाढला, तर तो बहुधा त्वचेवरून आलेला. एकाच टोचणीतून भरलेल्या दोन बाटल्या म्हणजे मात्र दोन पुरावे नव्हेत. हा मुद्दा अहवाल वाचताना हमखास निसटतो. दुसरी कसोटी काळाची. खरा स्टॅफिलोकॉकस बहुधा २४ तासांच्या आत वाढतो, दूषणातील त्यानंतर. पण ही कसोटी एकट्याने वापरू नये, कारण क्युटिबॅक्टेरियम खऱ्या व्याधीतही पाच-सहा दिवस घेतो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची कसोटी रुग्णाची. कृत्रिम झडप, पेसमेकर, डायलिसिसची नळी, सेंट्रल लाइन, कृत्रिम सांधा यांपैकी काही शरीरात आहे का, हे विचारल्यावाचून या अहवालावर मत देऊच नये. प्लास्टिक व धातूच्या पृष्ठभागावर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस चिकट थर रचतो आणि त्या थराआड औषध व व्याधिक्षमत्व दोन्ही थिटी पडतात. माझ्या पाहण्यातील एका साठीच्या बाईंना संध्याकाळी अंगात कसर, अरुची आणि बलक्षय एवढीच लक्षणे तीन आठवडे होती. विषमज्वर समजून गुडूची चालू होती. दोन्ही हातांतून घेतलेल्या नमुन्यांत एपिडर्मिडिस वाढला होता आणि घरच्यांना कोणीतरी ‘हा त्वचेवरचा जंतू, काळजी नको’ असे सांगितले होते. सहा महिन्यांपूर्वी हृदयाची झडप बदलली आहे, हे विचारल्यावर कळले. त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले; अन्ननलिकेतून केलेल्या एकोत झडपेवर जीवाणूंचे पुंजके दिसले. अशा ठिकाणी आपले काम रुग्ण वेळेवर पोहोचविण्याचे. काढा देत बसण्याचे नव्हे. शिरेत नळ्या असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांबाबतही हेच लागू.

नावावरूनही सावध व्हावे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एकाच बाटलीत आला तरी त्यास दूषण म्हणू नये. १९८८ मध्ये वर्णिला गेलेला स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस त्वचावासी व कोॲग्युलेज निगेटिव्ह गटातील खरा, पण हृदयाच्या झडपा ऑरियसप्रमाणेच झपाट्याने नासवितो. जलौकावचारण करणाऱ्यांनी एरोमोनास हेही नाव ध्यानात ठेवावे. तो त्वचेचा नव्हे, जळवेच्या आतड्यातील रहिवासी आहे, आणि जळू लावल्यानंतर ज्वर येऊन तो रक्तात सापडला तर तो खराच समजावा.

नमुना घेण्याची व्यवस्था ज्यांच्या रुग्णालयात आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त घ्यावे. अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन लावून जागा पूर्ण सुकू द्यावी, नंतर शीर बोटाने पुन्हा चाचपू नये. बाटलीचे रबरी बूचही अल्कोहोलने पुसावे. झाकण काढले म्हणजे ते निर्जंतुक झाले, हा समज चुकीचा. प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवे आणि दोन ठिकाणांहून घ्यावे. आपल्याकडे खर्चाच्या भीतीने एकच बाटली पाठविली जाते. तीत एपिडर्मिडिस आला की अर्थ लावणे अशक्य होते आणि रुग्णाचा खर्च दुपटीने वाढतो.

औषधालयचालक बंधूंशी दोन शब्द. असा अहवाल दाखवून लिनेझोलिडच्या गोळ्या मागणारा ग्राहक आला, तर चिकित्सकाच्या चिठ्ठीवाचून त्या देऊ नयेत. दूषणाला औषधच लागत नाही, आणि हे औषध दोन आठवड्यांपलीकडे लांबले तर रक्तातील प्लेटलेट घटविते. तीच गोष्ट रक्तशोधक सिरपची. ‘रक्तात जंतू’ म्हणून महामंजिष्ठादि काढ्याच्या बाटल्या खपविणे शास्त्राला धरून नाही. सिंगापूर येथे ९,७७० निरोगी व्यक्तींच्या रक्तातील जनुकीय द्रव्य तपासून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दूषणाचा अंश वजा केल्यावर बहुसंख्यांच्या रक्तात एकाही जीवाणूची खूण उरली नाही. ज्यांच्यात उरली, त्यांच्यातही सर्वांना समान अशी वस्ती नव्हती. ज्वर नाही, शरीरात कृत्रिम अवयव वा नळी नाही, आणि एकाच नमुन्यात एपिडर्मिडिस आहे, अशा ग्राहकाला काहीही न विकता अहवालासह चिकित्सकाकडे परत पाठवावे.