होलोकॉस्टवरील चित्रपट आणि शालेय अध्यापन

नाझी जर्मनीने १९४१ ते १९४५ या काळात युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची जी पद्धतशीर हत्या केली, तिला होलोकॉस्ट किंवा शोआ असे म्हणतात. या घटनेवरील चित्रपट वा माहितीपट वर्गात दाखवून त्यांच्या आधारे इतिहास शिकवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. अशा चित्रपटांतील दृश्ये भावनिकदृष्ट्या जड असतात. त्यामुळे कोणत्या वयात काय दाखवावे, दाखवण्यापूर्वी व नंतर काय करावे आणि विद्यार्थ्याला झालेल्या त्रासाची जबाबदारी कोणाची, हे या पद्धतीतील मुख्य प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार महाराष्ट्राच्या, विशेषतः नागपूर व विदर्भाच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ नोव्हेंबर २००५ रोजी ६०/७ क्रमांकाचा ठराव संमत करून २७ जानेवारी हा होलोकॉस्ट स्मृतिदिन म्हणून घोषित केला. १९४५ साली याच दिवशी सोव्हिएत सैन्याने आउशवित्झची छळछावणी मुक्त केली होती. पुढील पिढ्यांना या इतिहासाचे शिक्षण मिळावे, यासाठी शैक्षणिक कार्यक्रम आखावेत, असे आवाहन या ठरावात सदस्य राष्ट्रांना केले आहे.

भारतात या विषयाची ओळख प्रामुख्याने शालेय पाठ्यपुस्तकांतून होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २००६ साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात नाझीवाद आणि हिटलरचा उदय या विषयावर स्वतंत्र प्रकरण होते. नाझी राजवटीत शाळांतून ज्यू शिक्षक व विद्यार्थी कसे दूर केले गेले आणि पाठ्यपुस्तके कशी बदलली गेली, याचे वर्णन त्यात आढळते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या, २०१८ साली आलेल्या इतिहासाच्या पुस्तकात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हे प्रकरण आहे. पहिल्या पुस्तकातून विषय मिळतो, तर दुसऱ्यातून चित्रपटाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याची दृष्टी.

भारतीय समाजात हिटलरविषयीचे कुतूहल अनेकदा होलोकॉस्टच्या माहितीशिवायच पसरलेले दिसते. ‘माझा लढा’ या नावाने त्याच्या आत्मचरित्राचे मराठी अनुवाद ग्रंथविक्रेत्यांकडे मिळतात. २००६ साली खारघर (नवी मुंबई) येथे एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव देण्यात आले होते. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यानंतर ते बदलण्यात आले.

विदर्भाशी असलेला संबंध

या इतिहासाचा एक धागा नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यापर्यंत येतो. महात्मा गांधींनी हिटलरला २३ जुलै १९३९ आणि २४ डिसेंबर १९४० रोजी लिहिलेल्या पत्रांवर वर्धा हाच पत्ता आहे. त्यापूर्वी, २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये, गांधींनी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहून जर्मनीतील ज्यूंना अहिंसक प्रतिकाराचा मार्ग सुचवला होता. तो लेख त्यांनी सेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे लिहिला. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्याला खुल्या पत्राने उत्तर दिले आणि जर्मनीतील परिस्थितीची भारतातील वा दक्षिण आफ्रिकेतील परिस्थितीशी तुलना होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. चित्रपटासोबत ही पत्रे वाचली असता विद्यार्थ्यांना समकालीन माणसांच्या ज्ञानाची मर्यादा लक्षात येते, कारण सामूहिक हत्येच्या छावण्या त्या वेळी अस्तित्वातच आल्या नव्हत्या.

नाझींपासून बचावलेले काही ज्यू निर्वासित मुंबईत स्थायिक झाले होते. आकाशवाणीच्या परिचयधुनेचे संगीतकार मानले जाणारे वॉल्टर कॉफमन हे त्यांपैकीच एक होत.

वापरले जाणारे चित्रपट

‘नाइट अँड फॉग’ (१९५६) हा आलँ रेने यांचा ३२ मिनिटांचा फ्रेंच माहितीपट एका तासिकेत बसतो. मात्र त्यात मृतदेहांची मूळ छायाचित्रे व चित्रफिती आहेत. बळींमध्ये ज्यूंची संख्या सर्वाधिक होती, हे त्यातून स्पष्ट होत नाही, अशी टीका त्यावर झाली आहे.

‘शोआ’ (१९८५) हा क्लोद लान्झमान यांचा सुमारे साडेनऊ तासांचा माहितीपट आहे. त्यात जुन्या चित्रफितींचा वापर नाही. वाचलेले लोक, साक्षीदार व गुन्हेगार यांच्या मुलाखती आहेत. वर्गात त्यातील निवडक भागच दाखवणे शक्य असते.

‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ३ तास १५ मिनिटांचा चित्रपट सर्वाधिक परिचित आहे. त्यात गोळीबाराची व नग्नतेची दृश्ये आहेत.

‘लाइफ इज ब्यूटिफुल’ (१९९७) व ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००८) हे दोन्ही चित्रपट लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेले असल्याने सोपे वाटतात. दुसऱ्या चित्रपटाचा आधार असलेली जॉन बॉयन यांची कादंबरी होलोकॉस्टचा अभ्यास वा अध्यापन करणाऱ्यांनी टाळावी, असे आउशवित्झ स्मारक-संग्रहालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले. आउशवित्झमध्ये आणलेल्या बहुतांश लहान मुलांना पोहोचताच ठार केले जात असे. कुंपणापाशी निवांत बसून मैत्री करणारा मुलगा ही कल्पना त्या वास्तवाशी जुळत नाही. शिवाय कथेच्या अखेरीस प्रेक्षकाची सहानुभूती छावणीप्रमुखाच्या कुटुंबाकडे वळते.

हिंदीत ‘गांधी टू हिटलर’ (२०११) व नितेश तिवारी दिग्दर्शित ‘बवाल’ (२०२३) यांत हा काळ येतो. ‘बवाल’चा नायक इतिहासाचा शिक्षक आहे. त्यात वैवाहिक कलहासाठी आउशवित्झची उपमा वापरल्याबद्दल सायमन विझेनथल सेंटर या संस्थेने निषेध नोंदवला होता.

विद्यार्थ्यांचे प्रतिसाद

अशी दृश्ये पाहताना विद्यार्थी रडतात, नजर वळवतात, स्तब्ध होतात किंवा हसतात. हसण्याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी ओकलंडच्या कॅसलमॉन्ट हायस्कूलचे विद्यार्थी चित्रपटगृहात ‘शिंडलर्स लिस्ट’ पाहत असता त्यांच्यापैकी काही जण एका हत्येच्या दृश्याला हसले. इतर प्रेक्षकांनी तक्रार केल्यानंतर त्या सर्वांना बाहेर काढण्यात आले. विद्यार्थ्यांना विषयाची पुरेशी पूर्वकल्पना दिलेली नव्हती आणि त्यांपैकी अनेकांनी आपल्या परिसरात हिंसा जवळून पाहिलेली होती, हे नंतरच्या चर्चेत पुढे आले. स्पीलबर्ग यांनी त्याच वर्षी शाळेला भेट देऊन विद्यार्थ्यांशी संवाद साधला.

या प्रसंगावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हसणे हे नेहमीच निर्दयतेचे लक्षण नसते. असह्य दृश्यापासून सुटका करून घेण्याचा तो एक मार्ग असू शकतो. तसेच वर्गातील प्रत्येक विद्यार्थी सारख्याच अनुभवाने पडद्यासमोर बसलेला नसतो.

दुसरी गोष्ट नागपुरातील वर्गांना विशेष लागू पडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या परंपरेतील असंख्य कुटुंबे शहरात आहेत. जरीपटका भागात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनकाळात शहरात झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. वेगळ्या वस्तीत कोंडलेली, पाण्यापासून वा शाळेपासून दूर ठेवलेली माणसे पडद्यावर पाहताना एखाद्या विद्यार्थ्याला घरात ऐकलेली हकीकत आठवणे स्वाभाविक आहे. अशा विद्यार्थ्याला वर्गासमोर स्वतःच्या कुटुंबाबद्दल बोलण्यास भाग पाडू नये. तो आपणहून बोलल्यास मात्र त्याचे म्हणणे विषयांतर मानू नये.

अध्यापनाची पद्धत

आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींचा गाभा, विद्यार्थ्यांना या विषयात सुरक्षितपणे आणावे व सुरक्षितपणे बाहेर न्यावे, असा आहे. व्यवहारात त्याचे पुढील टप्पे पडतात.

पूर्वतयारी: शिक्षकाने चित्रपट आधी संपूर्ण पाहावा. विद्यार्थ्यांना काळ, स्थळ व कठीण दृश्यांची कल्पना द्यावी, पालकांना कळवावे आणि वर्गाबाहेर जाण्याची मुभा व पर्यायी वाचन ठेवावे.

निवड: संपूर्ण चित्रपटाऐवजी नेमके प्रसंग दाखवावेत. केवळ धक्का बसावा म्हणून मृतदेहांची दृश्ये दाखवू नयेत. त्यातून मृतांची प्रतिष्ठाही राखली जात नाही.

अनुधावन: चित्रपट संपताच घंटा होऊन विद्यार्थी पांगतील, अशी वेळ निवडू नये. प्रथम काही मिनिटे शांतता वा लेखन, नंतर चर्चा आणि अखेरीस चित्रपटातील कल्पित व प्रत्यक्ष घटनांची छाननी, असा क्रम उपयुक्त ठरतो.

वर्ज्य गोष्टी: विद्यार्थ्यांना कैदी व पहारेकरी बनवून छावणीचे नाट्यरूपांतर करू नये. अमेरिकेतील होलोकॉस्ट स्मारक-संग्रहालयाच्या मार्गदर्शक सूचनांतही अशा अनुकरणाला विरोध केलेला आहे.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात केवळ कर्मचारी, विद्यार्थी, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती यांच्यापुढे चित्रपट दाखवल्यास प्रताधिकाराचा भंग होत नाही. चित्रपटाचे प्रमाणपत्र ही वेगळी बाब आहे. ‘अ’ प्रमाणपत्राचे चित्रपट १८ वर्षांखालील प्रेक्षकांसाठी नसतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन उपवर्ग करण्यात आले आहेत. नववीचे विद्यार्थी साधारणतः १४ ते १५ वर्षांचे असल्याने ही विभागणी शिक्षकांना निवडीत उपयोगी पडते.

मतभेद

चित्रपटामुळे विद्यार्थी विषयाशी जोडला जातो, असे या पद्धतीचे समर्थक मानतात; लाखोंचा आकडा जे करू शकत नाही, ते एका चेहऱ्याने साधते. विरोधकांच्या मते अश्रू म्हणजे आकलन नव्हे. चित्रपट बहुधा वाचलेल्यांची कथा सांगतो आणि बहुसंख्यांचा मृत्यू पार्श्वभूमीत जातो, असाही आक्षेप आहे. तुलनेच्या प्रश्नावरही मतभिन्नता आहे. जातीय अत्याचार वा फाळणी यांच्याशी जोडल्याने होलोकॉस्टचे वेगळेपण पुसले जाते, असे काही अभ्यासक म्हणतात. तर तसे न केल्यास विद्यार्थी क्रौर्याला दूरच्या देशातील गोष्ट समजतो, असे इतरांचे म्हणणे आहे. कारणे, यंत्रणा व परिणाम यांतील साम्य आणि भेद दोन्ही मांडणे, हा यावरील सर्वसाधारण मध्यममार्ग होय.