शिलालेखात गुप्तधनाचा पत्ता नसतो

गावाच्या वेशीवर, देवळाच्या भिंतीत किंवा बारवेच्या कोनाड्यात अक्षरं कोरलेला दगड दिसला की वाचणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "धन कुठं पुरलंय ते लिहिलंय का?" नाही म्हटलं तरी लोकांचं समाधान होत नाही. मग कुणीतरी रात्री पहार घेऊन येतं, दगड उपटतं आणि खाली खड्डा खणतं. खड्ड्यातून माती निघते आणि शेकडो वर्षं टिकलेल्या लेखाचे दोन तुकडे होतात. या गैरसमजापायी इतिहासाचा पुरावा कायमचा जातो, म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

साधा विचार करा. ज्याला धन लपवायचं आहे तो त्याचा ठावठिकाणा चारचौघांच्या वाटेवर दगडात कशाला कोरून ठेवील? शिलालेख ही जाहीर नोंद असते. जमीन दान दिली, कर माफ केला, देऊळ किंवा मशीद उभारली, विहीर खोदली, हे सगळ्यांना कळावं आणि पुढच्या राजानं किंवा अधिकाऱ्यानं ते मोडू नये, म्हणून ते दगडावर कोरत. दगड उघड्यावर उभा करण्याचं कारणच ते.

"पण काही लेखांत पैशांचा उल्लेख असतो ना?" असतो, आणि तो मुळातून वाचला की शंकेला जागा उरत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. एमिल सेनार यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केला. उषवदातानं भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दिले आणि ते कुठं ठेवले हे स्वच्छ लिहिलं. २,००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा १ व्याजानं आणि १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. मोठ्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४० कार्षापण. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रांसाठी) प्रत्येकी १२ द्यायचे, असं लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. शेवटी हे सगळं निगमसभेत ऐकवून रीतसर नोंदवल्याचंही कोरलं आहे. पैसा जमिनीत पुरला नव्हता, तो गावातल्या व्यवसायात फिरत होता आणि भर सभेत जाहीर झाला होता.

सगळ्यात जास्त हाल होतात ते गधेगाळांचे. वर सूर्य-चंद्र, मध्ये मजकूर आणि खाली गाढव व स्त्री, अशी या दगडांची ठरलेली रचना. सूर्य-चंद्र म्हणजे खजिन्याची खूण, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. खरं तर सूर्य-चंद्र आकाशात आहेत तोवर हे दान चालावं, एवढाच त्यांचा अर्थ. खालचं शिल्प ही दान मोडणाऱ्याला दिलेली अर्वाच्य शिवी आहे. अक्षर न येणाऱ्यालाही धाक बसावा म्हणून ती चित्रात कोरली. अलिबागजवळच्या अक्षी इथला गधेगाळ प्रसिद्ध आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात अशा लेखांची वाचनं आहेत. ती चाळून पाहा. सापडतील धान्य, जमीन, कर, देवाचा नैवेद्य आणि साक्षीदारांची नावं. मोहरांचा हंडा कुठंही सापडणार नाही.

आता इतर गैरसमज थोडक्यात.

"जुनं अक्षर म्हणजे मोडी." नाही. मोडी ही झरझर कागदावर लिहायची लिपी, दगडावर ती क्वचितच दिसते. महाराष्ट्रातले शिलालेख मुख्यतः ब्राह्मी, देवनागरी, कन्नड आणि फार्सी-अरबी लिपींत आहेत.

"ब्राह्मी कुणालाच वाचता येत नाही." जेम्स प्रिन्सेपनं १८३७ सालीच तिचा उलगडा केला. आज ती महिन्याभराच्या सरावानं शिकता येते.

"लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली." कुणी कोरवली ते लेण्यांच्याच भिंतींवर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आजही वाचता येतं.

"अरबी अक्षरं दिसली की ती वास्तू फक्त मुसलमानांची." अहमदाबादला बाई हरीरच्या वावेत अरबी आणि संस्कृत असे दोन्ही लेख आहेत. चारी दिशांनी येणारी तहानलेली माणसं, पशू, पक्षी आणि झाडं यांच्यासाठी ही विहीर बांधली, असं १४९९ सालचा संस्कृत लेख सांगतो.

"पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो." श्रद्धेचा मान राखूनही हे सांगायला हवं, की ती शिळा म्हणजे शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळात विठ्ठलमंदिराला दान देणाऱ्यांची यादी आहे. पाठी घासून घासून त्या भक्तांचीच नावं झिजली आहेत.

"ऑइलपेंटनं अक्षरं रंगवली की लेख टिकतो." उलट रंगानं अक्षरांच्या कडा बुजतात आणि ठसा घेता येत नाही. खडूही फासू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला तर अक्षरं आपोआप उठून दिसतात.

ज्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांवरचा कुठलाही ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा दाखल होतो.

तुमच्या गावात असा दगड असेल तर तो हलवू नका, धुऊ नका, रंगवू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. तुमच्या गावाचं जुनं नाव, तिथला जुना कर, तिथली हरवलेली माणसं त्या दगडाशिवाय दुसरीकडे कुठंही नोंदलेली नसतील.